नणंद लागली हाताला

आमच्या कारखान्यात नळाच्या तोट्या, दारांच्या कड्या, सायकलींची हँडलं अशा वस्तूंवर निकेल चढवतात. त्यासाठी चार टाक्या आहेत. एकीत मालाचा तेलकटपणा निघतो, दुसरीत गंज, चौथीत निकेल चढतं. तिसरी धुण्याची. कुठल्याही टाकीतून माल काढला की आधी तिच्यात बुडवून घ्यायचा.

या टाक्यांना नावं माझ्या बायकोनं ठेवली. ती तिथं माल आकड्यांना टांगायच्या कामाला लागली तेव्हा जुने मालक टाक्यांना एक नंबर, दोन नंबर म्हणायचे, आणि हिच्या डोक्यात नंबर राहायचे नाहीत. बाजारातून परत येताना आपलं समजून शेजाऱ्यांचं दार वाजवणारी बाई ती. मग तिनं आपली सोय केली. गंजाच्या टाकीतून वाफ येते आणि दारातूनच नाकाला झोंबते, म्हणून ती झाली सासू. तेलाच्या टाकीतलं पाणी हाताला मऊ, बुळबुळीत लागतं आणि आग मागाहून होते, म्हणून ती नणंद. धुण्याच्या टाकीत सगळ्यांची घाण येते आणि ती हूं की चूं करत नाही, ती सून. राहिली निकेलची. तिला सतत ऊब लागते, सगळं गाळून निवडून द्यावं लागतं, आणि जरा कमीजास्त झालं की मालाची चकाकी जाते. तो जावई.

खरं म्हणजे हिला ना सासू होती ना नणंद. माझी आई आमच्या लग्नाआधीच गेली, आणि मला बहीण नाही. म्हणूनच या नात्यांची तिला एवढी हौस. पांढऱ्या ऑइलपेंटनं तिनं चारही नावं टाक्यांवर रंगवली. जुने मालक आधी रागावले आणि मग स्वतःच "जावयाला आज ऊब कमी पडतेय" म्हणायला लागले.

मागच्या वर्षी ती गेली. ताप आला, छातीत उतरला, आणि दवाखान्यातून ती परत आलीच नाही. घरात तिचा आवाज बंद झाला, पण कारखान्यात तो चालूच होता. "सासू आज फार धुमसतेय", "सुनेचं पाणी बदला रे", दिवसभर तिचेच शब्द. मी वेळेच्या आधी कामावर जायला लागलो, ते एवढ्यासाठीच. सगळ्यांना वाटायचं, फोरमन एकटा पडलाय, कामात जीव रमवतोय. मी नुसता बसून ऐकायचो.

तिच्या जागेवर माझी सून लागली. मुलगा ट्रकवर असतो, घरी बसून ती कंटाळली होती. पहिल्या दिवशी मी तिला टाक्या दाखवल्या. म्हटलं, "ही नणंद, हिच्याशी जपून. ही सासू, हिच्या तोंडावर वाकायचं नाही."

ती म्हणाली, "बाबा, घरात सासू नाही म्हणून इथं आणून उभी केलीत का?"

एवढ्यावर तिचं शिक्षण संपलं. आम्हा सगळ्यांचं एवढ्यावरच झालं होतं.

एका दुपारी ती नणंदेतून तोट्यांचा घोस वर काढत होती. घोस हिंदकळला, पाणी उडालं आणि तिच्या हातमोज्यात गेलं.

"बाबा, नणंद लागली!" ती ओरडली.

सगळे हसले. पॉलिशवर बसणारा पैलवान, जो काडीसारखा आहे म्हणून त्याला पैलवान म्हणतात, तो म्हणाला, "मग तू काय गप्प बसणार? तूही दोन शब्द ऐकव!" सूनही हसली. हात दुखत नव्हता, नुसता बुळबुळत होता. तिनं तो फडक्याला पुसला, मोजा परत चढवला आणि कामाला लागली.

संध्याकाळी घरी येऊन मोजा काढला तर मनगट लालबुंद, वर पांढरट पापुद्रा. ती एकटीच कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेली, मलम लावून आली आणि म्हणाली, "डॉक्टर आज जरा विचित्रच बोलत होते. नवरा कुठं असतो, घरात अजून कोण कोण असतं, भीती वाटते का, काय काय विचारत होते."

त्या वेळी माझी मुलगी आमच्याकडे आलेली होती. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि आई गेल्यापासून रोज येऊन आमच्या स्वयंपाकात नाक खुपसते. ती कांदे चिरत बसली होती. तेवढ्यात दार वाजलं. दारात पोलीस. एक बाई आणि त्यांच्यामागे एक हवालदार.

"या घरातली नणंद कोण?" पोलीस बाईंनी विचारलं.

"मी," मुलगी म्हणाली. हातात सुरी, डोळ्यांतून कांद्याच्या धारा.

"आधी ती सुरी खाली ठेवा. आणि आता रडून काही उपयोग नाही."

"मी कशाला रडू? कांदा आहे."

"भावजयीच्या हातावर काय टाकलंत?"

"मी? हिच्या?" मुलगी सुनेकडे वळली. "काय गं, काय सांगून आलीस तू?"

सून मधे पडली. "अहो, या नणंदेनं नाही! ही चांगली आहे. ती दुसरी!"

"म्हणजे दोन नणंदा आहेत? दुसरी कुठं राहते?"

"कारखान्यात."

"काय करते तिथं?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच म्हणालो, "बाई, ती टाकी आहे. लोखंडी."

पोलीस बाईंनी हवालदाराकडे बघितलं. हवालदार भिंतीकडे बघायला लागला. बाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी फोनवर कळवलंय. नणंदेनं भाजलं, आणि सासूजवळ तर श्वास घेणं मुश्कील होतं, असं ही बोलली. मग सासू?"

"तीही टाकीच."

"आणि तुमची बायको?"

"ती वारली," मी म्हणालो.

मुलीनं पोलीस बाईंना बसायला खुर्ची दिली. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बरं काका, त्या टाकीत असतं काय?"

"तेल काढायचं पाणी."

"म्हणजे काय?"

मी तोंड उघडलं. आयुष्य त्या टाकीजवळ गेलं होतं माझं. पिंपातून पांढरे खडे काढून मी स्वतः तिच्यात टाकत आलो होतो. पिंपावर काहीतरी छापलेलं असायचं, पण आमच्यात त्याला 'नणंदेचा खाऊ' म्हणायचे. मला सांगता येईना.

पोलीस बाई आम्हाला परत डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी जुन्या मालकांच्या मुलाला, आमच्या धाकट्या मालकांना फोन लावला, पिंपावरचं वाचायला लावलं, आणि ऐकल्याबरोबर सुनेला उठवून नळाखाली उभं केलं. मलम धुवून टाकलं. बांगड्या काढायला लावल्या. आणि पाणी सोडून ठेवलं ते ठेवलंच.

"कॉस्टिक सोडा आहे तो," ते म्हणाले. "पहिल्यांदाच हे नाव सांगितलं असतंस तर मी घरची चौकशी करत बसलो असतो का? साधं भाजलंय समजून मलम लावून पाठवलं मी तुला. हात आहे, बरा होईल. डोळ्यात गेलं असतं आणि मी अशीच तुझी नणंद शोधत बसलो असतो, तर डोळा गेला असता."

हवालदार दारातून म्हणाला, "आणि आम्ही नणंदेला घेऊन गेलो असतो."

घरी येताना चौक ओलांडल्यावर मुलगी एकदम म्हणाली, "आईनं मला टाकी केलं?"

"तुझ्यावरून नाही गं. तू तेव्हा शाळेत जायचीस."

"म्हणजे शाळेत असल्यापासूनच!"

सून इतकी हसली की हात गळ्यातल्या झोळीत असूनही तिला भिंतीला टेकावं लागलं. मग मुलगीही हसली. मीही हसलो. पण पुढं काय होणार ते मला कळून चुकलं होतं.

तसंच झालं. धाकट्या मालकांनी कारखाना हातात घेऊन थोडेच महिने झाले होते. जुने मालक थकून गावी राहायला गेले होते. धाकटे घाबरले आणि त्यांनी एका सेफ्टीवाल्या मॅडमना बोलावलं. मॅडम ठेंगण्या, खांद्याला त्यांच्यापेक्षा मोठी बॅग. पहिल्या दिवशी त्यांनी काही शिकवलं नाही. आम्हालाच फिरवायला लावलं, प्रत्येक टाकी दाखवायला लावली. जावयापाशी त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "नावं झकास आहेत. पण ही पुसावी लागतील."

मी म्हणालो, "वर खरी नावं लिहा ना. खाली ही राहू द्या."

"दोन नावं असली की घाईत माणूस सवयीचंच घेतो, काका."

"घेतलं म्हणून काय झालं? आम्हाला सगळ्यांना कळतं."

मॅडमनी वाद घातला नाही. सुनेला विचारलं, "लागलं तेव्हा तू काय ओरडलीस?"

"नणंद लागली."

"मग?"

सून माझ्याकडे बघत नव्हती. "सगळे हसले. मला पण हसू आलं."

मीही हसलो होतो. तिचा हात मोज्यात जळत होता आणि मी दहा पावलांवर उभा राहून हसत होतो.

पैलवान माझ्या बाजूनं बोलायला गेला. "मॅडम, पण ते वहिनींच्या हातचं आहे."

"कोण वहिनी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खाली वाकून एका नटाला पाना लावला. तो नट घट्टच होता. धाकटे मालक फोनवर बोलत बाहेर अंगणात फेऱ्या मारत होते, त्यांना यातलं काही कळलं नाही. मॅडमना मात्र कळलं असावं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग काका, तुम्हीच पुसा. दुसऱ्या कोणी नको."

दुसऱ्या दिवशी मी थिनरचा डबा आणि फडकं घेऊन बसलो. झाकण उघडणार तोच मागून मॅडम म्हणाल्या, "डब्यावर काय लिहिलंय?"

"थिनर."

"ते नको. खालचं बारीक वाचा."

मी डबा लांब धरून वाचलं. लगेच पेट घेतो. वाफ श्वासात घेऊ नये. हवेशीर जागी वापरावा. मॅडमनी खिडक्या उघडायला लावल्या, हीटर बंद करायला लावले, मला मास्क आणि हातमोजे चढवले. एवढ्या तयारीनं तर मी लग्नालाही उभा राहिलो नव्हतो.

आधी सून पुसली, कारण तिच्यात साधं पाणी, तिचं काही वाईट वाटायचं नाही असं मला वाटलं होतं. पण वाटलं. बायकोच्या अक्षरात 'स' चं पोट नेहमी मोठं असायचं. सासूचे दोन्ही 'स' तर जेवून उठल्यासारखे. 'जावई' लिहिताना जागा संपली होती, म्हणून 'ई' तिनं कडेला अंग चोरून उभा केला होता. तो शेवटी पुसला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"चष्मा घाला, काका," मॅडम म्हणाल्या. "थिनरचा त्रास होतोय तुम्हाला."

"हो," मी म्हणालो. "थिनरच."

सून बाजूला उभी होती. तिनं माझ्या हातातलं फडकं घेतलं, झाकणाच्या डब्यात टाकलं आणि नव्या रंगाचा ब्रश माझ्या हातात दिला. मी लिहिलं: कॉस्टिक सोडा. हायड्रोक्लोरिक ॲसिड. निकेल सल्फेट. हे शेवटचं मला दोनदा लिहावं लागलं, पहिल्यांदा त्याचं 'सफलेट' झालं. धुण्याच्या टाकीवर 'पिण्याचं पाणी नाही' लिहिलं. मॅडमनी शेजारी चित्रं चिकटवली. एका चित्रात नळीतून थेंब पडतोय आणि हाताला भोक पडतंय.

"हा हात कोणाचा?" पैलवान म्हणाला. "ओळखीचा वाटतो."

"तुझा असता तर थेंब चुकला असता," सून म्हणाली.

मग सगळ्यांना बसवून माहिती द्यायची होती. मॅडम म्हणाल्या, निम्मं मी सांगते, निम्मं काका सांगतील. मी तिथं उभा राहिलो. त्या नावांबद्दल, ती कोणी ठेवली त्याबद्दल, चार शब्द बोलायचं मनात होतं. ते जमेना. म्हणून फक्त कामाचं बोललो. म्हणालो, "जुनी नावं आता घ्यायची नाहीत. ऐकून हसू येतं, आणि हसण्यात वेळ जातो. कॉस्टिक लागलं तर पहिल्यांदा दुखत नाही, बुळबुळतं. म्हणून माणूस फसतो. लागलं की 'कॉस्टिक' ओरडायचं आणि नळ गाठायचा. मोजा, अंगठी, बांगडी, सगळं काढायचं. पाव तास वाहत्या पाण्याखाली. लिंबू पिळायचं नाही, टूथपेस्ट लावायची नाही. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात ओतायचं नाही, ते उसळतं. निकेलनं अंगाला खाज सुटते, हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही."

"पाव तास?" पैलवान म्हणाला. "पाव तासात मी जेवून एक झोप काढतो."

"म्हणूनच माणसं मिनिटभरात हात काढतात," मॅडम म्हणाल्या. "बरं वाटतंय म्हणतात आणि निघतात. त्याच्याजवळ एकानं उभं राहायचं. जाऊ द्यायचं नाही. बोलत राहायचं, काहीही."

पुढचे काही दिवस गमतीचे गेले. जीभ सारखी घसरायची. जो जुनं नाव घेईल त्यानं सगळ्यांसाठी चहा करायचा असं ठरलं, आणि पहिला चहा मला करावा लागला. तो इतका पाणचट झाला की त्यानंतर सगळे जपून बोलायला लागले. बघता बघता 'कॉस्टिक' तोंडात बसलं. आणि मी पुन्हा वेळेवर कामाला जायला लागलो. आधी जाऊन ऐकण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं.

एकदा सकाळी धाकटे मालक नवीन हीटर बघायला आले. एका कानाला फोन, दुसऱ्या हातानं हीटरची वायर उचलत होते. वायर सुटली, कॉस्टिकच्या टाकीत पडली, आणि ती पकडायला जाऊन त्यांचा पंजा मनगटापर्यंत भिजला.

"कॉस्टिक!" पैलवान ओरडला.

कोणी हसलं नाही. एकानं मेन स्विच बंद केला. सुनेनं मालकांचा कोपर धरला आणि त्यांना जवळजवळ फरफटत नळाशी नेलं. "घड्याळ काढा. अंगठी काढा. बाही वर."

"अगं, काही होत नाहीये मला. दुखतही नाही."

"म्हणूनच," सून म्हणाली आणि नळ पूर्ण सोडला. "फोन द्या इकडं. बाबा, तुम्ही यांच्याजवळ उभे राहा. मी डॉक्टरांना कळवते."

मी उभा राहिलो. मालकांनी थोड्या वेळानं हात मागं घेतला. मी मनगट धरून परत पाण्याखाली आणला.

"फोरमन, पार्टी यायची आहे हो मला भेटायला."

"येऊ द्या. थांबतील."

"झालं की आता. बघा, स्वच्छ आहे."

"अजून सुरुवात आहे."

पाव तास फार मोठा असतो. पाणी पडत राहतं आणि दोन माणसं एकमेकांकडे बघत राहतात. बोलत राहायचं, मॅडम म्हणाल्या होत्या. मला बोलता कुठं येतं? घरी बोलायचं काम हिच्याकडे होतं. मी हवापाण्याचं काहीतरी बोललो, ते लगेच संपलं. मालकांचा हात पुन्हा हलायला लागला.

"त्या टाकीला आधी काय म्हणायचे माहीत आहे ना?" मी म्हणालो.

"नणंद. माहीत आहे की. पण मला एक सांगा, ही असली नावं ठेवली कोणी? बाबांनी?"

"नाही. माझ्या बायकोनं."

"तुमच्या?" त्यांचा हात थांबला. "मी कधी भेटलो नाही त्यांना."

"चुकलंच तुमचं," मी म्हणालो.

आणि मग मी बोलायला लागलो. ती शेजाऱ्यांचं दार वाजवायची ते सांगितलं. सासू नसताना तिला सासूची कशी हौस होती ते सांगितलं. जुने मालक रागावले तेव्हा तिनं त्यांना "एक नंबर म्हणजे कुठली, तुम्हीच ओळखून दाखवा" म्हणून डोळे झाकून उभं केलं होतं आणि ते चुकीच्या टाकीकडे बोट दाखवून बसले होते, ते सांगितलं. मालक मोठ्यानं हसले. त्यांचे वडील चुकले याचा त्यांना फारच आनंद झाला. मी पोलीस बाईंचं सांगितलं, कांद्याचं सांगितलं. मागं पैलवान आणि बाकीचे येऊन उभे राहिले होते, आणि मी विसरेन त्याची आठवण करून देत होते. "तो दिवस सांगा, निकेल बिघडलं होतं तो," कोणीतरी म्हणालं. एवढं मी ती गेल्यापासून बोललो नव्हतो. मधे थांबायची सोयच नव्हती. थांबलो असतो तर मालकांनी हात काढला असता.

सून डॉक्टरांशी बोलून परत आली आणि तिनं घड्याळ बघितलं. "मालक, पाव तास होऊन गेला. काढा हात. डॉक्टर म्हणालेत, आता दाखवायला या."

"थांब गं जरा," मालक म्हणाले. हात पाण्याखालीच. "हं, फोरमन, निकेल बिघडलं. मग जावईबापू रुसले, पुढं?"

"पाणी वाया चाललंय, मालक," सून म्हणाली. "आणि 'जावई' म्हणालात. चहा तुमच्याकडे लागला."